यादी नेमकी मागावी

डेबियन किंवा उबुंटूवर ‘ॲप्ट लिस्ट’चं आउटपुट पाइपने ग्रेपकडे वळवलं, की आधी एक इशारा येतो: ॲप्टच्या कमांडलाइनचं रूप स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. बरेच जण ती ओळ दिसू नये म्हणून एरर स्ट्रीम डेव्ह-नलमध्ये पाठवतात आणि कामाला लागतात. मला ती ओळ फार मोलाची वाटते. एप्रिल २०१४ मध्ये ॲप्ट १.० आलं ते टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी. स्क्रिप्टसाठी ॲप्ट-गेट, ॲप्ट-कॅश आणि डीपीकेजी-क्वेरी आधीपासून होत्याच, आणि आपलं आउटपुट सहसा बदलायचं नाही हे पथ्य त्या पाळत आल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ॲप्ट ३.० आलं तेव्हा पॅकेजांच्या याद्या रंगीत कॉलमांत दिसू लागल्या. वाचायला त्या खरोखरच सोप्या झाल्या. ज्यांच्या स्क्रिप्ट डीपीकेजी-क्वेरीवर उभ्या होत्या, त्यांना या बदलाचं काही सोयरसुतक नव्हतं.

मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. कुठल्या मशीनवर काय बसवलंय, काय जुनं झालंय, काय काढता येईल, ही माझी रोजची कामं. म्हणजे दिवसभर याद्याच. शेजारी बसून काम शिकणाऱ्या नव्या मुलामुलींना जे वारंवार सांगावं लागतं, ते इथे मांडतो आहे.

१. पडद्यावरचं चित्र कापत बसू नका, हवी ती फील्ड मागा

‘डीपीकेजी -एल’ चालवली की वर पाच ओळींचं शीर्षक, मग स्थितीची दोन-तीन अक्षरं, नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर आणि वर्णन असा तक्ता येतो. नेहमीची रीत अशी: टेलने पहिल्या पाच ओळी टाकायच्या आणि ऑकने दुसरा कॉलम उचलायचा. बहुतेक वेळा हे चालतंही. पण तो तक्ता डोळ्यांसाठी आहे, त्याची रुंदी टर्मिनलच्या रुंदीवर ठरते. डीपीकेजीच्या जुन्या आवृत्त्या पाइपमध्ये ८० अक्षरांची रुंदी गृहीत धरायच्या आणि लांब नावं मधेच तोडायच्या. तुटलेलं नाव पुढच्या कमांडला दिलं की ‘असं पॅकेजच नाही’ असं उत्तर यायचं, आणि माणूस पॅकेज शोधत बसायचा.

त्याऐवजी डीपीकेजी-क्वेरीला -डब्ल्यू पर्याय द्या आणि -एफ पर्यायापुढे आपला साचा लिहा. साचा सोपा आहे: डॉलरचं चिन्ह, महिरपी कंसात फील्डचं नाव, मग टॅब, मग पुढची फील्ड, शेवटी नवी ओळ. ‘पॅकेज’, टॅब, ‘व्हर्जन’, नवी ओळ, एवढ्यात शीर्षक नसलेली, कापाकापी नसलेली स्वच्छ यादी मिळते. हा साचा एकेरी अवतरणचिन्हांतच लिहायचा. दुहेरी चिन्हांत लिहिलात, तर डॉलर आणि कंस बघून शेल ते स्वतःचं व्हेरिएबल समजतं आणि डीपीकेजीपर्यंत रिकामी जागा पोचते. ‘इन्स्टॉल्ड-साइझ’ ही फील्ड पहिली मागितलीत आणि सॉर्टला आकड्यांनुसार लावायला सांगितलंत, की डिस्क कोण खातंय ते काही क्षणांत समोर येतं. तो आकडा किबीबाइटमध्ये असतो.

आरपीएमच्या घराण्यात हीच सोय ‘क्वेरीफॉरमॅट’ नावाने आहे, फक्त डॉलरच्या जागी टक्क्याचं चिन्ह. कुठल्या फील्ड मागता येतात ते ‘क्वेरीटॅग्ज’ हा पर्याय सांगतो. ती यादी एकदा सवडीने वाचावी, तिच्यात बरंच काही आहे. फ्लॅटपॅकला ‘कॉलम्स’ हा पर्याय आहे. साच्याच्या शेवटी नवी ओळ स्वतः लिहायची सवय लावून घ्या. फेडोरा ४१ मध्ये डीएनएफची पाचवी पिढी आली, आणि रेपोक्वेरी आधी आपणहून जी नवी ओळ घालायची ती बंद झाली. ज्यांच्या साच्यात नवी ओळ नव्हती, त्यांची सगळी यादी एकाच ओळीत येऊन बसली.

युनिक्सला पाइप मिळाले ते डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे. १९७८ साली बेल लॅब्जच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं होतं, की आपल्या प्रोग्रामचं आउटपुट उद्या एखाद्या अनोळखी प्रोग्रामचं इनपुट होणार हे धरूनच चाला, त्यात फालतू माहिती मिसळू नका, काटेकोर कॉलमांचा सोस टाळा. माझ्या मते पॅकेज मॅनेजर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं.

२. टॅब वापरा, स्पेस नव्हे

ऑकला काही न सांगता सोडलं, तर सलग आलेल्या सगळ्या मोकळ्या जागा तो एकच धरतो. एखादी फील्ड रिकामी असली की पुढचे कॉलम एक घर अलीकडे सरकतात आणि आवृत्तीच्या जागी आर्किटेक्चर येतं. साच्यात टॅब घाला आणि ऑकलाही टॅबवरच तोडायला सांगा. रिकामी फील्ड मग रिकामीच राहते.

३. पॅकेजचं नाव म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन नव्हे

‘विम बसवलंय का’ हे बघायला यादी ग्रेपकडे देऊन ‘विम’ शोधलं, तर विम-कॉमन, विम-रनटाइम, विम-टायनी सगळी दिसतात, आणि खुद्द विम नसलं तरी उत्तर ‘आहे’ येतं. ‘पायथन३.११’ मधला टिंब ग्रेपच्या लेखी ‘कुठलंही एक अक्षर’ असतो. जी++ सारख्या नावात तर अधिकची चिन्हं आहेत, आणि विस्तारित पद्धतीच्या ग्रेपमध्ये त्या चिन्हांना वेगळा अर्थ आहे.

एकाच पॅकेजबद्दल प्रश्न असेल, तर यादी गाळण्यापेक्षा डीपीकेजी-क्वेरीला थेट त्याचं नाव देऊन विचारा. अनेक नावं असतील, तर ऑकमध्ये ‘पहिली फील्ड बरोबर अमुक’ अशी तुलना करा. ग्रेपच वापरायचा असेल, तर ‘अक्षरशः’ आणि ‘पूर्ण ओळ’ हे दोन्ही पर्याय, म्हणजे -एफ आणि -एक्स, एकत्र लावा.

४. आवृत्ती हा आकडा नव्हे आणि नुसती अक्षरंही नव्हेत

मला सगळ्यांत जास्त जीव तोडून सांगावासा वाटतो तो हा मुद्दा, कारण इथे चुकलं तर सुरक्षेवर बेततं.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं, की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात कुणीतरी मागचं दार बसवून ठेवलं आहे. एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय एवढ्या धाग्यावरून ते तिथवर पोचले होते. बाधित आवृत्त्या दोन: ५.६.० आणि ५.६.१. त्या आठवड्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न होता: आपल्या कुठल्या मशीनवर यांपैकी काही आहे का?

वरवर पाहता ग्रेपचं काम. प्रत्येक मशीनवरची यादी घ्या, त्यात ‘५.६.१’ शोधा. पण डेबियनची दुरुस्ती कशी आली ते बघा. पॅकेज मॅनेजर आपणहून मागच्या आवृत्तीवर जात नाही. क्रमांक मोठा असेल तरच तो अपडेट समजतो. म्हणून डेबियनने आतला कोड जुन्या, निर्धोक ५.४.५ चा ठेवला आणि आवृत्तीचं नाव दिलं ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. ‘५.६.१’ शोधणाऱ्या ग्रेपला हे दुरुस्त झालेलं मशीनही बाधितच दिसतं. डेबियनच्या स्थिर शाखेत तेव्हा ५.४.१ होती, तिला धक्का लागलाच नव्हता. धोका होता तो टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल या शाखांना.

शिवाय शोधायचं पॅकेज कुठलं? एक्सझेड-यूटिल्स हे सोर्स पॅकेजचं नाव. ज्या लायब्ररीत बिघाड होता ती बायनरी पॅकेजात ‘लिबएलझेडएमए५’ या नावाने येते. नुसतं ‘एक्सझेड’ शोधणाऱ्याच्या हातून ती निसटते. डीपीकेजी-क्वेरीच्या साच्यात ‘सोर्स:पॅकेज’ आणि ‘सोर्स:व्हर्जन’ या फील्ड मागता येतात. सुरक्षेच्या सूचना बहुधा सोर्सच्या नावाने निघतात, त्यामुळे अशा वेळी या फील्डच कामाला येतात.

तुलनेसाठी डीपीकेजीतच ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ हा पर्याय आहे. दोन आवृत्त्या द्यायच्या, मधे नातं सांगायचं: मोठी, लहान, मोठी किंवा समान. उत्तर एक्झिट कोडमधून मिळतं. डेबियनच्या सूचनेत बाधित पल्ला ५.५.१अल्फा-०.१ पासून ५.६.१-१ पर्यंत दिला होता. या दोन टोकांमध्ये मशीनवरची आवृत्ती बसते का, एवढंच विचारायचं. ‘रिअली’वाली आवृत्ती ५.६.१-१ पेक्षा मोठी ठरते आणि आपोआप पल्ल्याबाहेर पडते.

उलट दिशेचं उदाहरण त्याच्या दहा वर्षं आधीचं, हार्टब्लीडचं. ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ एवढ्यांत दोष, १.०.१जी मध्ये दुरुस्ती. डेबियन व्हीझीने मात्र १.०.१ई कायम ठेवून तिच्यावरच ठिगळ लावलं, आणि दुरुस्तीची खूण फक्त शेवटच्या ‘+डेब७यू५’ मध्ये होती. हायफनच्या पुढचं कापून टाकणारी स्क्रिप्ट ती खूणच कापून टाकते.

बाकीचे बारकावे थोडक्यात. १.१० ही १.९ पेक्षा मोठी. कोलनच्या आधी आलेला आकडा, म्हणजे एपॉक, बाकी सगळ्यावर भारी. टिल्डचं चिन्ह असलेली २.०~आरसी१ ही २.० पेक्षा लहान. सॉर्टचा -व्ही पर्याय पाहणीपुरता ठीक आहे. निर्णय घ्यायचा असेल तर त्या त्या पॅकेज मॅनेजरचीच तुलना वापरा. पॅकमनसोबत ‘व्हर्कम्प’ येतं ते त्यासाठीच.

५. जोडून आलेलं नाव उजवीकडून सोडवा

आरपीएम पर्याय न देता विचारलं तर नाव-आवृत्ती-रिलीज हायफनने जोडून देतं. पॅकेजच्या नावात हायफन कितीही असू शकतात, पण आवृत्तीत आणि रिलीजमध्ये हायफन चालत नाही. म्हणून शेवटून दोन हायफन मोजायचे, उरलं ते नाव. अर्थात पहिला मुद्दा पाळलात तर ही वेळच येत नाही.

६. काढलेलं पॅकेजही यादीत असतं

डेबियनवर पॅकेज ‘रिमूव्ह’ केलं आणि ‘पर्ज’ केलं नाही, तर त्याच्या कॉन्फिगरेशन फायली मागे राहतात आणि डीपीकेजीच्या नोंदीतही ते राहतं. तक्त्यात त्याच्यापुढे ‘आरसी’ दिसतं, बसवलेल्यापुढे ‘आयआय’. डीपीकेजी-क्वेरीचा साधा साचा दोन्ही देतो. साच्यात ‘डीबी:स्टेटस-ॲब्रेव्ह’ ही फील्ड घाला आणि ‘आयआय’ने सुरू होणाऱ्या ओळीच ठेवा. ऑडिटमध्ये ‘हे अजून तुमच्या सर्व्हरवर आहे’ असा शेरा आला, की मी आधी ही दोन अक्षरं तपासतो. पुष्कळदा वाद तिथेच मिटतो.

७. एक्झिट कोड वाचा, पण तो कुणाचा ते ओळखून

ॲप्ट-गेट १०० हा कोड देतं तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. डीएनएफचं ‘चेक-अपडेट’ १०० देतं तेव्हा सगळं सुरळीत असून अपडेट उपलब्ध असतात. तिथे बिघाडाचा कोड १. एकाच आकड्याचे दोन घरांत दोन अर्थ. एनपीएमचं ‘आउटडेटेड’ जुनी पॅकेजं सापडली की १ देतं. पॅकमनला अपडेट विचारले आणि एकही नसला, तर तेही १. ‘चूक झाली की थांब’ असं वर लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टमध्ये डीएनएफची ती ओळ असेल, तर अपडेट आलेल्या दिवशीच स्क्रिप्ट थांबते, आणि तिची खरी गरज नेमकी त्या दिवशी असते.

पाइपचं वेगळं. ॲप्ट-गेट अपडेटचं आउटपुट टी कमांडकडे दिलं, की शेलला दिसतो तो टीचा कोड, आणि टी क्वचितच अडखळते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा. त्यावरही एक खाच उरते: एखादा रिपॉझिटरी सर्व्हर तात्पुरता बंद असेल, तर ॲप्ट-गेट अपडेट इशारा छापून जुन्याच याद्यांवर काम भागवतं आणि शून्य परत करतं. ‘एरर-ऑन’ला ‘एनी’ ही किंमत दिली की तसं होत नाही. रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामात हा पर्याय हवाच.

८. स्क्रिप्टची भाषा ठरवून द्या

ॲप्टचे आणि डीपीकेजीचे संदेश मराठीतही उपलब्ध आहेत. लोकेल मराठी असलं की टर्मिनल मराठीत बोलतं, आणि शाळेच्या लॅबमध्ये ते बघताना मुलांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते ती मला फार प्रिय आहे. ही भाषांतरं स्वयंसेवकांनी केली आहेत. ती वापरली जावीत असं मला मनापासून वाटतं.

पण ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’च्या आउटपुटमध्ये ‘इन्स्टॉल्ड’ हा इंग्रजी शब्द शोधणारी स्क्रिप्ट इतर लोकेलमध्ये कोरडी परतते, कारण हे शब्दही भाषांतरित होतात. उपाय म्हणून मशीनचं लोकेल इंग्रजी करणं मला पटत नाही. माणसाची भाषा माणसाला राहू द्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘सी’ करा. तो बदल त्या स्क्रिप्टपुरताच राहतो. याचा दुसरा लाभ सॉर्टला होतो. अक्षरक्रम लोकेलनुसार बदलतो. एका मशीनवर एका क्रमाने लावलेली यादी दुसऱ्या मशीनवर ‘कॉम’ कमांडला क्रमात नाही असं वाटतं. दोन्हीकडे ‘सी’ असलं की हा प्रश्न उरत नाही.

९. जेसन मिळत असेल तर जेसनच घ्या

पायथनच्या पिपने हे साऱ्यांना शिकवलं. जुनी झालेली पॅकेजं ‘फ्रीझ’ रूपात मागवायची, बरोबरच्या चिन्हावर कापायची, उरलेली नावं एक्सआर्ग्जमार्फत पुन्हा पिपकडे द्यायची, ही एका ओळीची युक्ती घरोघरी पोचली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिप २२.३ ने ‘आउटडेटेड’सोबत ‘फ्रीझ’ चालणार नाही असं ठरवलं आणि ती ओळ जिथे जिथे होती तिथे बंद पडली. जेसनचा पर्याय चालूच राहिला. जेसन पिपकडून घ्यायचं, जेक्यूकडून प्रत्येक नोंदीचं ‘नेम’ काढायचं; लांबीला जरा जास्त, भरवशाला कितीतरी.

यातही आपल्या जेसनला आवृत्तीक्रमांक देणारी साधनं मला अधिक आवडतात. होमब्रूच्या ‘इन्फो’ला ‘जेसन=व्ही२’ असं सांगता येतं. कार्गोच्या ‘मेटाडेटा’ला ‘फॉरमॅट-व्हर्जन १’ द्यायचं असतं, न दिलं तर ते द्यायची आठवण करतं. उद्या रचना बदलली तर ती नव्या क्रमांकाने येईल आणि तुमची जुनी मागणी जुन्याच रूपात पुरवली जाईल, असा तो लेखी करार आहे.

१०. स्वतः साधन लिहीत असाल तर

पॅकेज मॅनेजरभोवती छोटंसं आवरण जवळजवळ प्रत्येक टीम लिहिते. तेव्हा माझी विनंती एवढीच, की माहिती स्टँडर्ड आउटपुटवर आणि ‘शोधतोय, थांबा’सारखी बडबड स्टँडर्ड एररवर जाऊ द्या. आउटपुट टर्मिनलला जात नसेल तर रंग आणि प्रगतिपट्टी आपणहून बंद करा. फायलीत साठलेले रंगांचे कोड आणि कॅरेज रिटर्न काढत बसणं हे फार कंटाळवाणं काम आहे. पॅकमनच्या -क्यू क्यूसारखा ‘फक्त नावं, ओळीला एक’ देणारा पर्याय पहिल्या दिवसापासून असू द्या. काही सापडलं नाही तर ‘काही सापडलं नाही’ असं वाक्य यादीच्या जागी छापू नका. पुढची कमांड त्यातला प्रत्येक शब्द पॅकेजचं नाव समजेल. रिकामी यादी रिकामीच असावी.

आणि घेणाऱ्या बाजूने रिकाम्या यादीची तयारी ठेवावी. एक्सआर्ग्जला -आर पर्याय द्या, म्हणजे नावंच आली नाहीत तर पुढची कमांड चालणारच नाही.

११. आधी रंगीत तालीम, मग प्रयोग

‘ॲप्ट-गेट -एस’ काहीही न बदलता काय बदलेल ते सांगतं, आणि ते गाळायला सोप्या रूपात सांगतं. बसणाऱ्या पॅकेजची ओळ ‘इन्स्ट’ने सुरू होते, निघणाऱ्याची ‘रेम्व्ह’ने, कॉन्फिगर होणाऱ्याची ‘कॉन्फ’ने. रात्रीच्या आपोआप होणाऱ्या अपडेटआधी मी ही तालीम घेतो आणि ‘रेम्व्ह’च्या ओळी मोजतो. एक जरी आली तरी काम थांबतं आणि मेल जाते. अपडेटच्या नावाखाली पॅकेज निघणार असेल, तर ते माणसाने बघूनच व्हावं, या मतावर मी ठाम आहे. खरा प्रयोग चालवताना ‘डेबियन_फ्रंटएंड’ला ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ करायला विसरू नये, नाहीतर एखादं पॅकेज निळ्या पडद्यावर प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत राहतं.

१२. कालची यादी ठेवा

रोज रात्री प्रत्येक मशीनची यादी एका फायलीत उतरवायची: नाव, आर्किटेक्चर, आवृत्ती, टॅबने वेगळी केलेली, ‘सी’ क्रमाने लावलेली. सकाळी कालची आणि आजची ‘कॉम’ला द्यायची. पहिला आणि तिसरा कॉलम दाबला की फक्त नव्याने आलेल्या ओळी उरतात. दुसरा आणि तिसरा दाबला की गेलेल्या. पॅकेज अपडेट झालं असेल तर ते दोन्हीकडे दिसतं, एकीकडे जुन्या आवृत्तीसह, दुसरीकडे नव्या. आर्किटेक्चरची फील्ड गाळू नका: ३२ बिटची लायब्ररीही बसवलेल्या मशीनवर ‘लिबसी६’ दोनदा येतं, आणि त्यातलं कुठलं बदललं ते त्या एका फील्डशिवाय कळत नाही.